डाव्या भुवईवर व्रण

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये मी तीन दिवस दोनशे बारा बायकांना उलटं टांगलेलं बघत होतो. डोकी खाली, खांदे वर. हे सगळं कंप्युटरच्या पडद्यावर, पण त्यामुळे माझा ताप काही कमी होत नव्हता.

मानपाड्याला एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे मालक बाळ परचुरे, त्यांचं लॅमिनेशनचं मशीन, एक कंप्युटर आणि मी. परचुरे आधी फोटोफ्रेमा करायचे. मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की पुढचा जमाना फोटोवाल्या ओळखपत्रांचा आहे, आणि त्यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यातलं चित्र कंप्युटरमध्ये घेणारं एक कार्ड आणलं. सोबत माहिती म्हणून चार झेरॉक्स पानं आली, त्यातली दोन एकच होती. बाकी सगळं मी शोधून काढायचं. का, तर सुधीर बी.एस्सी. आहे आणि क्लास लावून सी भाषा शिकलाय.

पहिलंच काम आलं ते डोंबिवलीतल्या कोळणींच्या संघाचं. मासळीबाजाराची नवी इमारत उभी राहिली होती. जुन्या बाजारात जिची जी जागा, तिला नव्यात तोच ओटा द्यायचा असं ठरलं होतं, पण फोटोचं ओळखपत्र असेल तरच. ओळखपत्रात खोट निघाली तर ओटा प्रतीक्षायादीतल्या बाईला. संघाचे चिटणीस काळुराम यांनी प्रत्येकीचा फॉर्म स्वतः भरला होता. नाव, गाव, ओट्याचा नंबर, ओळखीची खूण. खुणेच्या रकान्यात बहुतेकींच्या पुढे 'हातावर गोंदण' असं होतं.

फोटो मीच काढले. संघाच्या पत्र्याच्या शेडमध्ये पांढरी चादर लावली, पुढे स्टूल ठेवलं आणि कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. बायका ठेवणीतली पातळं नेसून, नाकात नथ घालून, केसांत अबोलीचे गजरे माळून आल्या होत्या. एकेक येऊन बसायची आणि एकदम गंभीर व्हायची. मी चेहरे बघितलेच नाहीत. फोकस नीट आहे ना आणि डोकं चौकटीत बसतंय ना, एवढंच बघितलं.

गाळ्यावर येऊन चित्रं उघडली तर सगळ्या उलट्या. का ते सापडायला तीन दिवस गेले, त्यात मधला शुक्रवार एमआयडीसीची वीज बंद म्हणून फुकट. ते कार्ड चित्राची सगळ्यात खालची ओळ आधी साठवायचं आणि वरची शेवटी. माझा प्रोग्राम मात्र आधी आलेली ओळ वर काढायचा. एवढीशी गोष्ट, पण त्या चार पानांत कुठेही लिहिलेली नाही. मी इतका वैतागलो होतो की जास्त विचारच केला नाही. चित्र उलटं आहे ना, मग अर्धा फेरा देऊन सरळ करू. शेवटचा ठिपका पहिला, पहिला शेवटचा. चार ओळींचा कोड लिहिला, चालवला, आणि डोकी वर आली.

खात्री करायला परचुऱ्यांचाच फोटो घेतला. परचुरे पूर्ण टकले, चेहरा गोल, मिशी नाही, तीळ नाही, काही नाही. पडद्यावर ते हुबेहूब परचुरे दिसले.

"वा! मी सांगितलं नव्हतं, सोपं असतं?" परचुरे म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली, पण पगार त्यांच्याकडून घ्यायचा होता. मी कार्डं छापायला लावली. अक्षरं प्रोग्राम वेगळी छापायचा, त्यामुळे ती व्यवस्थित आली. परचुऱ्यांनी सगळी लॅमिनेट केली आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघं जाऊन ती वाटून आलो.

वाटताना बायका फिदीफिदी हसत होत्या. एकमेकींची कार्डं बघायच्या, पदर तोंडाला लावायच्या. मला वाटलं, पहिल्यांदाच स्वतःला असं छापलेलं बघतायत, लाजत असतील. एकीने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलंही, पण रिक्षा बाहेर थांबली होती आणि परचुरे घाई करत होते.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला गाळ्याच्या दारात एक पन्नाशीची कोळीण येऊन उभी राहिली. काखेत पाटी, पाटीवर ओलं फडकं. जिना चढून आल्याने तिला धाप लागली होती. परचुरे बँकेत गेले होते.

"फोटोवाला तूच नं रं?"

"हो. काय झालं मावशी?"

तिने कार्ड टेबलावर आपटलं. आवडाबाई, ओटा क्रमांक एक. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर व्रण. वर तिचा फोटो.

"काळुराम बोलतो, यो फोटो तुजा नाय. खून जुलत नाय. पुढल्या मंगलवारी वरनं साहेब येनार, तो तुना ओटा देनार नाय. आता माजा डावा डोला यो हाय का नाय?" तिने भुवईवर बोट ठेवलं. लहानपणी बापाच्या होडीत गळ लागला होता, तिथे केस उगवले नव्हते. "आनि फोटोत बघ."

मी बघितलं. फोटोत व्रण तिच्या उजव्या भुवईवर होता.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा तिचाच राग आला. तीन दिवस जागून केलेलं काम आणि ही बाई येऊन चूक काढणार. मी म्हटलं, "मावशी, समोरून बघताना आपल्याला डावं-उजवं उलट वाटतं."

"मना नको शिकवू. माजी नथ बघ. डाव्या नाकात हाय. फोटोत उजव्या. पदर बघ. उजव्या खांद्यावर पदर घेतला असता तर सासूनं उभी जालली असती मना. सगल्या बायांचं असंच झालंय. हसून हसून मेल्या काल. मना तेवढं हसू येत नाय, माजा ओटा जातोय."

मी फायली उघडल्या. भागीरथी, उजव्या नाकपुडीत नथ. दगडाबाई, पदर उजव्या खांद्यावर. एकेक उघडत गेलो. दोनशे बारा बायका, सगळ्यांच्या नथा उजवीकडे, आणि मी आठवडाभर रोज त्या बघत होतो. घरात आई आहे, बहीण आहे, जन्मभर डोळ्यांसमोर पदर डावीकडेच बघितलाय. तरी दिसलं नाही.

"पण मी तर सरळ केलं," मी म्हटलं. माझा आवाज रडका झाला होता. "चित्र उलटं आलं होतं, डोकं खाली. मी पूर्ण फिरवून घेतलं."

"फिरवलास का परतलास?"

"म्हणजे?"

तिने पाटीवरचं फडकं बाजूला केलं, एक लेप काढला आणि माझ्या छापील कागदांवर ठेवला. लेप हा चपटा मासा, त्याचे दोन्ही डोळे एकाच अंगाला असतात. तिने तो डोळे वर करून ठेवला, तोंड माझ्याकडे.

"यो तुजा फोटो. बरोबर?" मग तिने शेपटीकडची बाजू माझ्याकडे येईल असा तो पालथा केला. आता पांढरं पोट वर, डोळे खाली. "मशीननं तुना असा दिला. डोकं तिकडं गेलं. तू काय केलास?" तिने मासा तसाच पालथा ठेवून टेबलावर गरकन फिरवला. तोंड पुन्हा माझ्याकडे आलं. "डोकं जागेवर आलं. डोले कुठं हायत?"

डोळे खालीच होते.

"कितीबी फिरव. परतल्याबिगर डोले वर येत नाय. तव्यावरचं कधी परतलं नाय का रं तू?"

मी कधीच परतलं नव्हतं. पण एका सेकंदात सगळं लख्ख समजलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. फक्त ओळींचा क्रम उलटायचा होता, वरची खाली आणि खालची वर. ओळीतले ठिपके होते तिथेच ठेवायचे होते. मी ठिपकेसुद्धा उलटे केले होते. ती बघत असतानाच मी कोड बदलला, दहा मिनिटंही लागली नाहीत. तिचं चित्र पुन्हा उघडलं. व्रण डाव्या भुवईवर, नथ डावीकडे, पदर डाव्या खांद्यावर.

"ही मी," ती म्हणाली. "दे छापून."

"साहेब आले की देतो. कार्डाचा कागद त्यांच्या कपाटात असतो." हे खरं होतं. "मावशी, तुम्ही काळजी करू नका."

ती लेप माझ्याकडेच ठेवून गेली. काळजी करायची नाही, असं मी इतक्या खात्रीने म्हटलं होतं की ती खरंच निश्चिंत झाल्यासारखी जिना उतरली.

परचुरे बारा वाजता आले. मी सगळं सांगितलं, चुकीसकट. मला वाटलं, ते ओरडतील. ते ओरडले नाहीत, खुर्चीत बसले आणि रुमालाने टक्कल पुसलं.

"सुधीर, तू ही एक गोष्ट मान्य केलीस की दोनशे बारा कार्डं चुकीची ठरतात. कळतंय का? एक नाही, दोनशे बारा. मग पुढची ऑर्डर कोण देईल आपल्याला? कल्याणच्या दोन कारखान्यांशी बोलणी चालू आहेत माझी."

"पण चुकीची आहेतच, साहेब."

"कुणाला दिसतंय?"

"त्यांना सगळ्यांना दिसतंय."

"त्यांना म्हणजे कोळणींना. तपासणाऱ्या साहेबाला दिसतंय का, ते बोल." त्यांनी काळुरामला फोन लावला. बराच वेळ हं हं केलं. मग फोन ठेवून प्रसन्न चेहऱ्याने माझ्याकडे वळले. "मिटलं. एकाच कार्डात फोटो आणि मजकूर जुळत नाहीये ना? मग मजकूर बदल. डाव्याच्या जागी उजव्या टाक."

"अहो, पण तिचा व्रण डावीकडे आहे!"

"फोटोत उजवीकडे आहे. काळुराम म्हणतो, साहेब कार्डावर नजर टाकतात आणि शिक्का मारतात. बाईकडे कोण बघतंय?"

मी वाद घातला. अर्धा तास घातला. मग त्यांनी कपाटाची किल्ली काढून माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "नोकरी करायची आहे ना?" वडील आदल्या वर्षीच रिटायर झाले होते, बहिणीचं लग्न व्हायचं होतं. मी किल्ली घेतली. 'उजव्या भुवईवर व्रण'. छापून, लॅमिनेट करून झालं.

बुधवारी आवडाबाई कार्ड न्यायला आली. तिने फोटो बघितला.

"यो तर तोच फोटो."

"हो, पण आमच्या साहेबांनी सगळं ठीक करून घेतलंय. काळुरामभाऊंशी बोलणं झालंय."

"काय लिवलंय खाली?"

"आता सगळं जुळतंय, मावशी."

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि कार्ड कनवटीला लावलं. त्या दिवसापासून मी रोज स्वतःला समजावत होतो. साहेब शिक्का मारतील, तिला ओटा मिळेल, कुणाचंच काही बिघडणार नाही. आणि रोज परचुऱ्यांवर, काळुरामवर, त्या चार झेरॉक्स पानांवर मनातल्या मनात शिव्यांचा पट्टा सोडत होतो. दुरुस्त केलेला प्रोग्राम कंप्युटरमध्ये तयार पडून होता. तो बघितला की जास्तच चीड यायची.

पुढच्या मंगळवारी संघाच्या शेडमध्ये सगळ्या जमल्या. काही कंप्युटरचं विचारलं तर असावा म्हणून परचुऱ्यांनी मलाही टेबलापाशी बसवलं. तपासणीला आलेले साहेब वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर, प्रत्येक अक्षर वाचणारे निघाले. काळुरामचा चेहरा तिथेच उतरला. ओट्यांच्या क्रमाने पुकारा सुरू झाला.

"ओटा क्रमांक एक. आवडाबाई."

कोपऱ्यावरचा ओटा. दोन्ही रस्त्यांची गिऱ्हाइकं पहिली तिथे येणार. आधी तिची सासू जुन्या बाजाराच्या त्याच कोपऱ्यावर बसायची, मग तीस वर्षं ही. ती पुढे आली आणि कार्ड ठेवलं. साहेबांनी वाचलं, चष्मा वर केला, तिच्या तोंडाकडे बघितलं.

"उजव्या भुवईवर व्रण. कुठाय?"

आवडाबाईने डाव्या भुवईला हात लावला, आणि मग तिचा हात तिथेच राहिला.

"ही डावी भुवई आहे, बाई. कार्डात उजवी आहे, फोटोतही उजवी. हे कार्ड तुमचं नाही."

"माजंच हाय! ही सगली ओलखतात मना!"

बायका ओरडायला लागल्या. साहेबांनी हात वर केला. "तोंडी चालणार नाही. काळुराम, फॉर्म तुम्ही भरलात ना? ही खूण तुम्ही लिहिलीत?"

काळुरामने परचुऱ्यांकडे बघितलं. परचुऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाच्या कडेकडे बघितलं. "लिहिलंय तसंच असणार," काळुराम पुटपुटला.

"प्रतीक्षायादीत पहिली कोण?"

शालन म्हणून एक तरुण मुलगी होती, कडेवर पोर. ती घाबरतच पुढे आली. साहेबांनी ओटा क्रमांक एकपुढे तिचं नाव लिहिलं, अंगठा घेतला, सही केली, शिक्का मारला. एवढं सगळं व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आवडाबाई बाजूला उभी होती. ती रडत नव्हती, नुसती कार्ड उलटसुलट करून बघत होती.

"ओटा क्रमांक दोन. भागीरथी."

भागीरथी आवडाबाईची शेजारीण, दांडगी बाई. ती टेबलापुढे आली, कार्ड ठेवलं, आणि साहेबांनी ते उचलायच्या आत डाव्या खांद्यावरचा पदर ओढून काढला आणि उजव्या खांद्यावर टाकला.

"आता जुलतंय का बघा साहेब. नथ तेवढी उजवीकडं घालता येत नाय, तिकडं भोक नाय."

साहेबांनी कार्ड बघितलं. तिच्याकडे बघितलं. तोवर मागे दगडाबाईने पदर बदलला, तिच्या शेजारणीने बदलला, आणि बघता बघता सगळ्या शेडमध्ये लुगड्यांची नुसती सळसळ झाली. दोनशेच्या वर बायका उजव्या खांद्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. कुणीच हसत नव्हतं.

"आवडाबाई खोटी, तर आम्ही सगल्या खोट्या," भागीरथी म्हणाली. "काढा सगल्यांचे ओटे."

साहेबांनी आठदहा कार्डं मागून घेतली आणि ओळीने मांडली. नंतर माझ्याकडे वळले. "तुम्ही कंप्युटरवाले ना? हे फोटो उलटे छापलेत का?"

परचुऱ्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"हो," मी म्हटलं. "सगळे. चूक माझी आहे. प्रोग्राम मी लिहिला."

परचुऱ्यांनी पाय काढून घेतला. माझी नोकरी गेली हे मला त्यावरूनच कळलं. साहेबांनी नोंद केली, सर्व कार्डं ग्राह्य धरावीत, फोटो महिन्याच्या आत बदलून द्यावेत. पुकारा पुन्हा सुरू झाला. मी उठून म्हणालो, "साहेब, मग पहिला ओटा आवडाबाईंचा."

"तो दिला गेला. अंगठा झाला, सही झाली. आता खोडता येत नाही." त्यांनी यादी उलटली. "दोनशे बारा झाल्यावर मोरीलगत एक जागा उरते. ती घ्या."

शालन खाली मान घालून पोराला थोपटत राहिली. तिला काय बोलणार. आवडाबाईने मोरीलगतच्या ओट्यावर अंगठा दिला, बोटाची शाई पदराला पुसली आणि बाहेर पडली. मी तिच्यामागे धावलो. शेडबाहेर उन्हात ती पाटी खाली ठेवून उभी होती.

"मावशी..."

"तुना कवा समाजलं, फोटो उलटे हायत म्हनून?"

"तुम्ही आलात तेव्हाच. सोमवारी."

"आनि आज मंगलवार. दुसरा." ती हिशेब करत असल्यासारखी थांबली. "आज बोललास तसा तवाच काळुरामला बोलला असतास, तर?"

"नोकरी गेली असती."

"आज काय झालं?"

"गेली."

तिने कनवटीचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "काय लिवलंय यात? आता तरी वाच."

मी वाचून दाखवलं. उजव्या भुवईवर व्रण. हा शब्द माझ्या हाताने टाइप केला, हेही सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"मना वाचता येत नाय म्हनून केलास नं?"